नजर-उठाई

मी जन्माची भित्री आहे. माझ्याकडे बघून हे कुणाला खरं वाटत नाही, कारण भीती वाटली की मी मोठ्यानं बोलायला लागते. गोमती नगरमधल्या माझ्या पॅथॉलॉजी लॅबमधली मुलं मला वाघीण समजतात. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये क्षणभर अडखळली तरी ही वाघीण शेजारच्या माणसाचा दंड धरते, हे फक्त माझ्या नवऱ्याला माहीत आहे. तो रेल्वेत इंजिनिअर आहे आणि दंड दुखला तरी बोलत नाही.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठीमागे तो जन्मभर हिंडला, समोर कधी आला नाही. आला तो दोन वर्षांपूर्वी वसंत पंचमीला, भर दुपारी, आमच्या हॉस्टेलच्या हिरवळीवर. त्या वेळी माझ्या हातात गजऱ्यांचं तबक होतं.

आधी हॉस्टेलबद्दल सांगते. माझे वडील भुसावळहून बदली होऊन लखनऊला आले आणि मी इथंच शिकून डॉक्टर झाले. कॉलेजचं नाव सांगत नाही. माझी मुलगीही त्याच कॉलेजात गेली आणि घर याच शहरात असून त्याच हॉस्टेलमध्ये राहिली. हट्ट तिचा होता असं मी सगळ्यांना सांगते; अर्धा माझा होता. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती हिंदीत देते. त्या वर्षी ती तिसऱ्या वर्षाला होती आणि मुलींनी तिला हॉस्टेलची सेक्रेटरी केलं होतं.

आमच्या हॉस्टेलची एक जुनी चाल आहे. पहिल्या वर्षाच्या मुलींनी केसांना तेल लावून दोन वेण्या घालायच्या आणि नजर खाली ठेवायची. सीनियर समोर आली की तिच्या चपलांकडे बघायचं, तोंडाकडे नाही. आम्ही त्या काळात सीनियर मुली चपलांवरूनच ओळखायचो. निळ्या पट्ट्यांची रागीट होती. अंगठ्याला सेफ्टी पिन लावलेली गरीब स्वभावाची होती, ती नोट्स द्यायची. ही खाली गेलेली नजर हॉस्टेल-डेला वर यायची. त्या दिवशी शिकून गेलेल्या जुन्या मुली येतात. त्यांना सगळ्या आपा, म्हणजे ताई, म्हणतात. त्यांच्यातली सगळ्यात थोरली आपा एकेका मुलीची हनुवटी दोन बोटांनी उचलते आणि म्हणते, “नज़र उठाओ बिटिया, अब यह घर तुम्हारा है.” मग मनगटाला गजरा. याला नजर-उठाई म्हणतात. माझी हनुवटी उचलली तेव्हा मी हुंदके देऊन रडले होते. आईवडिलांचं घर जवळ असूनही मला ते घर आपलं वाटलं होतं, आणि आजही त्या दिवसाची आठवण मला गोड लागते. हे मला सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आता काळ बदलला आहे. रॅगिंगचे कायदे कडक झाले, रात्रीबेरात्री गाणी म्हणायला लावणं, कामं सांगणं सगळं गेलं. नजर तेवढी राहिली. यात कसलं आलंय रॅगिंग, हे तर संस्कार, असं आम्ही आपा मंडळी म्हणायचो. दरवर्षी मुली कॉलेजला हमीपत्र लिहून देतात की हॉस्टेलमध्ये कुणाला त्रास होणार नाही, आणि सगळ्या हॉस्टेलच्या वतीनं सही करते ती सेक्रेटरी. आम्ही आपा कशावरच सही करत नाही. आम्ही पंखे देतो, पडदे देतो आणि मतं देतो.

हॉस्टेल-डे खरं तर दिवाळीनंतर लगेच असतो. त्या वर्षी परदेशातल्या काही आपा जानेवारीच्या शेवटी एका लग्नाला लखनऊला येणार होत्या. त्यांना नजर-उठाई बघायची होती. तेव्हा ठरलं की हॉस्टेल-डे वसंत पंचमीला करू. सगळ्यांनी पिवळं नेसायचं, शामियानाही पिवळा. ठरवलं आपांनी, पण मुलींना सांगणार कोण? माझी मुलगी सेक्रेटरी, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

एका रविवारी ती घरी जेवायला आली तेव्हा मी सांगितलं. ती जेवायची थांबली.

“मम्मी, तब तक वो बच्चियाँ नीचे देखती रहेंगी? मैं तो सोच रही थी इस बार ये सब बंद ही कर दें.”

“बंद काय बंद? आम्ही नाही का बघितलं खाली? काय झालं आम्हाला?”

“कुछ हुआ नहीं, ये ठीक है. पर साइन मेरा है, मम्मी. आप लोगों का नहीं.”

“अगं, दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. आपा इतक्या लांबून येणार. त्यांचं मन कशाला मोडायचं?”

मी हे चढ्या आवाजात बोलले, यावरूनच काय ते समजा. मला थोरल्या आपाची भीती वाटते. पन्नाशी उलटली माझी, पण तिचा फोन आला की मी खुर्चीतून उठून उभी राहते. तिला “मुलीला पटत नाही” असं सांगायची माझी छाती नव्हती. मुलगी “ठीक है” म्हणाली आणि ताटातली भाजी संपवली. नवरा सगळं ऐकत होता. तो एवढंच म्हणाला, “सही जिची आहे तिला ठरवू द्यावं.” रेल्वेत असंच चालतं म्हणे. मी त्याला दही वाढलं आणि विषय संपवला.

वसंत पंचमीला ऊन छान पडलं होतं. थंडीचे धुक्याचे दिवस सरत आले की लखनऊला जे मऊ ऊन पडतं, तसलं. हिरवळीवर पिवळा शामियाना, पिवळ्या साड्या, पिवळे दुपट्टे, केशरी भात, मातीच्या वाट्यांत केशर घातलेली मक्खन मलाई. कापडातून गाळून येणारा उजेडसुद्धा पिवळा. आम्ही सगळ्या पिवळ्या दिसत होतो आणि एकमेकींना छान दिसतेस म्हणत होतो. शामियान्यात बायका किती असतील ते मोजलं नाही, पण वेण्या घातलेल्या मुली सोडल्या तर बहुतेक डॉक्टरच होत्या. स्त्रीरोगवाल्या, भूलवाल्या, बालरोगवाल्या, एक तर पोटाच्या विकारांची मोठी तज्ज्ञ, परदेशातून आलेली.

नजर-उठाई सुरू झाली. मुली रांगेनं यायच्या, माना खाली. थोरली आपा खुर्चीत बसलेली, मी तिच्या शेजारी तबक घेऊन. तिच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. माझी मुलगी मागे उभी राहून रिकामं तबक भरून देत होती.

रांगेच्या मध्याला एक बारकीशी मुलगी आली. बहराइचकडच्या गावातली, वडील शाळामास्तर; हे मला नंतर कळलं. ती चालताना जरा झोकांडली, तेव्हा मला वाटलं, लाजतेय. आपानं हनुवटी उचलली. मुलीनं डोळे वर केले.

“कितनी प्यारी आँखें हैं,” आपा म्हणाली.

त्या डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा नव्हता. हळदीचं बोट बुडवलेल्या पाण्यासारखा होता.

मी पहिली गोष्ट काय केली असेल, तर स्वतःला समजावलं. शामियाना पिवळा आहे. उजेड पिवळा आहे. मी तिच्या मनगटाला गजरा बांधला, मनगट गरम नव्हतं, आणि ती पुढे गेली. पुढची मुलगी आली. आपानं तिची हनुवटी उचलली आणि मी आपाच्या खांद्यावरून वाकून तिच्या डोळ्यांत बघितलं. उजेड तोच, कापड तेच. डोळे दुधासारखे पांढरे. तिच्या पुढचीचेही पांढरे. आता समजूत घालायला काही उरलं नव्हतं. पुढचा गजरा बांधायचा सोडून मी मागे माझ्या मुलीकडे बघितलं.

ती पुढे आली. मी तिला हळूच मराठीत सांगितलं, कारण तिथं मराठी दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं.

“त्या मगाशच्या मुलीला नंतर बाजूला घे. डोळे पिवळे आहेत तिचे. आत्ता नको, कार्यक्रम होऊ दे.”

तिनं तबक खाली गवतावर ठेवलं. काही न बोलता ती रांगेच्या टोकाकडे गेली, त्या मुलीचा हात धरला आणि तिला शामियान्याबाहेर उन्हात नेलं. मी मागोमाग गेले, मला राहवेना.

“ऊपर देखो,” माझी मुलगी म्हणाली.

पोरीनं सवयीनं चपलांकडे बघितलं. समोर सेक्रेटरी दीदी होती ना.

“नीचे नहीं. मेरी तरफ़. मेरे चेहरे की तरफ़ देखो.”

तिनं वर बघितलं. उन्हात काही लपत नाही. डोळे, ओठांच्या कडा, गळा, सगळं पिवळंधमक झालं होतं. माझी मुलगी वळली आणि शामियान्याकडे तोंड करून म्हणाली, “आप लोग ज़रा बाहर आइए. प्रोग्राम रोक दीजिए.” तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

मग सगळ्या बाहेर आल्या. इतक्या महिन्यांत त्या मुलीचा चेहरा हॉस्टेलमध्ये कुणी धड बघितला नव्हता, आणि आता एवढ्या डॉक्टर एकदम बघायला लागल्या. कुणी पापणी ओढली, कुणी पोट दाबलं, कुणी लघवीचा रंग विचारला. वरातीमागून घोडं. खोलीतली जोडीदारीण बहिणीच्या लग्नाला गावी गेलेली, परीक्षा संपून वर्गांना सुट्टी, ही एकटीच खोलीत पडून होती. उलट्या होत होत्या, जेवण जात नव्हतं. जेवायला रांगेत गेली तरी रांगेतल्या सगळ्याच माना खाली.

परदेशातल्या तज्ज्ञ बाईंनी तिला विचारलं, “बेटा, आज क्या है?”

ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, “एग्ज़ाम हो गया क्या?”

काविळीत माणूस थकतं, ते चालतं. माणूस गोंधळायला लागलं, झोपाळलं, की लिव्हर हात टेकायला लागलंय. आम्हा सगळ्यांना ते कळलं, आणि थोरल्या आपालाही, कारण तिच्यासाठी बाहेर आणलेल्या खुर्चीचा हात तिनं घट्ट धरला.

“मैंने इसे बुख़ार की गोली दी थी,” माझी मुलगी म्हणाली.

“कधी?” मी विचारलं.

“पिछले हफ़्ते. कई बार. हॉस्टेल के बॉक्स से. ये दरवाज़े पर आकर खड़ी हो जाती थी, नीचे देखती हुई. कहती थी बुख़ार है दीदी. मैंने गोली हाथ में रख दी. मैंने चेहरा देखा ही नहीं, मम्मी.”

ताप, उलट्या, उपाशी पोट आणि वर ती गोळी. गोळी साधीच, घराघरांत असते. पण आजारी लिव्हरला ती साधी राहत नाही. त्या क्षणी मला त्या पोरीची काळजी वाटायला हवी होती. वाटलीही, पण तिच्याआधी मला माझी मुलगी दिसली: चौकशी, पोलीस, वर्तमानपत्रातला फोटो. ही पोर दगावली तर माझी मुलगी डॉक्टर व्हायची नाही, आणि कुठल्यातरी अर्थानं कधीच बरी व्हायची नाही. आमचं दोघींचं नशीब त्या बारक्या पोरीच्या लिव्हरला बांधलं गेलं होतं.

गाडी माझीच काढली. माझी मुलगी मागच्या सीटवर त्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि सारखी तिच्याशी बोलत राहिली, झोपू देऊ नये म्हणून. “गाँव का नाम बताओ. स्कूल का नाम बताओ. मेरी तरफ़ देखो.” आरशातून मला दिसत होतं की पोर मध्येच डोळे उघडते आणि पुन्हा खाली बघते.

हॉस्पिटलनं तिला भरती करून घेतलं. रक्त त्यांनी तपासायला घेतलं, पण एक नळी मी मागून घेतली आणि लॅबला गेले. माझी मशीनं आहेत, रिपोर्ट छापून येतो. त्या दिवशी माझा मशीनवर विश्वास बसेना. आम्ही शिकत होतो तेव्हाच्या पद्धतीनं मी काचेची नळी कोमट पाण्यात धरली, औषध घातलं आणि नळी हळूहळू तिरकी करत बसले. चांगलं रक्त थोड्याच वेळात गोठतं, त्याचा गोळा होतो, नळी उपडी केली तरी पडत नाही. ते गोठवणारं द्रव्य लिव्हर बनवतं. लिव्हर थकलं की रक्त गोठायचं विसरतं.

नळी इकडे कलंडली, तिकडे कलंडली. आतलं नुसतं वाहत होतं. मी लॅबमधल्या मुलांना बाहेर काढलं होतं. दार लोटून घेऊन मी त्या नळीला म्हणत होते, “गोठ ना ग बाई, गोठ.” एवढी वर्षं दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचले. आकडे वाचून घरी जाऊन वरण-भात खाल्ला. त्या दिवशी मला कळलं की रिपोर्टच्या पलीकडे बसलेल्या माणसाचं काय होतं. गोठलं शेवटी, पण फार उशिरानं, आणि नळी हलवली की तो गोळाही सैल हलायचा. मशीननं तेच सांगितलं. मी खुर्चीत बसून राहिले. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते तेव्हा समजलं.

पुढचे काही दिवस तेच चाललं. सकाळी हॉस्पिटल, मग नळी, मग हॉस्पिटल. दुसरं लिव्हर बसवायची भाषा सुरू झाली होती, दिल्लीला हलवायचं का असं बोलत होते. पोरीचे वडील आले. सदरा इस्त्रीचा, पायात मोजे वेगवेगळ्या रंगांचे. घाईत निघाले असतील. मी ओळख करून दिली की मी हॉस्टेलची जुनी विद्यार्थिनी, त्या दिवशी तिथं होते. त्यांनी दोन्ही हात जोडले.

“ऊपर वाले का शुक्र है मैडम, कि वहाँ सब डॉक्टर ही डॉक्टर थीं.”

मनापासून म्हणाले ते. टोमणा असता तर मी सहन केला असता. मी “चहा घेता का” असं काहीतरी पुटपुटले आणि जिन्याकडे गेले.

माझी मुलगी जेवत नव्हती. घरी आली तर सोफ्याच्या कडेला बसून राहायची. नवऱ्यानं मला स्वयंपाकघरात येऊन विचारलं, “वकिलाशी बोलून ठेवू का?” आणि माझ्या हातातला डाव खाली पडला. दुसरीकडे आपांच्या ग्रुपवर वसंत पंचमीचे फोटो एकेक करून नाहीसे होत होते. सकाळी केशरी भाताचा फोटो असायचा, दुपारी नसायचा. मग एकीनं लिहिलं, “हम तो बस मेहमान थे, प्रोग्राम बच्चियों का था.” त्याखाली बऱ्याच जणींनी हात जोडल्याची चित्रं टाकली. आणि खरं सांगते, ते वाचून मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. पाहुणी. मीही पाहुणीच की. मग मला आठवलं की सेक्रेटरी माझीच मुलगी आहे. पाहुणी म्हणून मी ज्या घरातून निसटत होते, त्या घरात ती एकटी उरत होती.

एका सकाळी नळीतलं रक्त लवकर गोठलं. मी पुन्हा करून बघितलं, पुन्हा गोठलं. उपडी केली, पडलं नाही. मी ती नळी हातात घेऊन बाहेर आले आणि लॅबमधल्या सगळ्या मुलांना दाखवली. त्यांना वाटलं, मॅडमना काहीतरी झालं.

संध्याकाळी मी वॉर्डात गेले. पोर जागी होती, बोलत होती, उशीला टेकून बसली होती. मी पलंगाजवळ उभी राहिले तशी तिची नजर खाली गेली, माझ्या पायांवर थांबली.

“आप सेक्रेटरी दीदी की मम्मी हैं,” ती म्हणाली. “उस दिन आप यही सुनहरी चप्पल पहने थीं.”

“वर बघ बेटा. ऊपर देखो. अब तो नज़र-उठाई हो गई ना.”

तिनं बघितलं, अगदी क्षणभर, आणि पुन्हा नजर खाली गेली. तिच्या डोळ्यांचा पिवळेपणा अजून पुरता गेला नव्हता. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि घरी येऊन त्या चपला माळ्यावर टाकल्या.

पोर वाचली. आता चौकशी राहिली. कॉलेजनं तीन जणांची समिती नेमली. अध्यक्ष होते ते आमच्याच कॉलेजचे, माझ्यानंतर शिकलेले, मुलांच्या हॉस्टेलमधले. माझी मुलगी आत गेली, मी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले. दार पुरतं लागत नव्हतं.

“हॉस्टेल-डे आगे किसने बढ़वाया?”

“सर, सेक्रेटरी मैं हूँ.”

“वो तो है. पर किसी के कहने पर बढ़ाया होगा? पुरानी स्टूडेंट्स ने कहा?”

“सर, साइन मेरा है.”

“देखो बेटा, नाम बताओगी तो तुम्हारे लिए अच्छा रहेगा.”

“साइन मेरा है, सर,” ती पुन्हा म्हणाली. तिला माझं नाव घ्यायचं नव्हतं. त्या रविवारी माझ्या ताटासमोर बसून ती जे म्हणाली होती तेच ती इथं म्हणत होती, फक्त तेव्हा तिनं ते मला अडवायला म्हटलं होतं आणि आता मला झाकायला.

मी उठले. लॅब डोळ्यांसमोर आली, तिची पाटी, गोमती नगरमधले ओळखीचे चेहरे, थोरल्या आपाचा फोन. तरी दार ढकलून आत गेले. भीती वाटली की मी मोठ्यानं बोलते, पण त्या दिवशी आवाज निघेचना. दोनदा खाकरावं लागलं.

“तारीख़ मैंने बढ़वाई थी,” मी म्हणाले. “ये तो बंद करना चाहती थी. नज़र का नियम भी मैंने चलवाया. और उस दिन सबसे पहले मैंने देखा, और कहा कि बाद में देखेंगे. लिख लीजिए.”

मुलगी माझ्याकडे वळून बघत होती. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता ओरडतील. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली.

“मैडम, आप बैठिए. चाय मँगवाता हूँ. आप तो हमारी पुरानी स्टूडेंट हैं, हमारी शान हैं.”

“मेरा बयान लिखिए.”

“कहाँ लिखूँ, मैडम?” ते अगदी मऊपणे म्हणाले. त्यात खोटेपणा नव्हता, ते खरंच अडले होते. “ये जाँच छात्राओं की है. पुराने लोगों पर कॉलेज का कोई नियम ही नहीं लगता. आपको हम क्या सज़ा देंगे? आपका नाम लिख भी दूँ तो उससे इसकी ज़िम्मेदारी कम नहीं होती. साइन तो इसी का है.”

मी उभीच राहिले. चहा आला. कपातून वाफ येत होती आणि कुणी तो घेत नव्हतं. एवढं सगळं धैर्य गोळा करून मी आत आले होते आणि त्या धैर्याची तिथं कुणाला गरज नव्हती. थोड्या वेळानं त्यांनी निकाल सांगितला. सेक्रेटरीपद गेलं, हॉस्टेल सोडायचं, तिच्या फाईलमध्ये शेरा राहील. मुलगी “जी सर” म्हणाली. कप तसाच ठेवून आम्ही बाहेर पडलो.

तिचं सामान आम्ही त्याच दिवशी गाडीत भरलं. पहिल्या वर्षाच्या काही मुली जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी तिला “दीदी” म्हणून हाक मारली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं, सगळ्या जणींनी. तेवढं तिनं जायच्या आधी करून ठेवलं होतं.

गाडीत बसताना मोबाईल वाजला. आपांच्या ग्रुपवर थोरलीनं लिहिलं होतं की बिटिया बरी झाली हे फार छान, आता पुढच्या वर्षीची तारीख लवकर ठरवू या, आणि नवी सेक्रेटरी कोण झाली? मी तो मेसेज मुलीपासून लपवायला गेले, पण तिनं वाचला होता.

“मम्मी,” ती म्हणाली. आणि जे पुढे म्हणाली ते मराठीत म्हणाली, मोडकंतोडकं. “तू आत का आलीस? काही उपयोग नाही होणार, तुला माहीत होतं?”

“नाही ग,” मी म्हणाले. “मला खरंच वाटलं की होईल.”

ती माझ्याकडे बघत होती, सरळ, पापणी न हलवता. तिच्या डोळ्यांत राग होता का, कीव होती का, मला आजही सांगता येणार नाही, कारण मला वर बघवलं नाही. मी तिच्या पायांकडे बघत होते. तिच्या पायात हॉस्टेलमधल्या निळ्या पट्ट्यांच्या चपला होत्या.